ओस पडलेला दवाखाना



गावात एखादं घर ओस पडलं तर लोक म्हणतात, वारस नाही. वाडा ओस पडला तर म्हणतात, भाऊबंदकी. दवाखाना ओस पडला की मात्र गाव एकदम भुतावर येतं. अमावस्येला आत उजेड दिसतो, पांढरं पातळ नेसलेली नर्सबाई व्हरांड्यातून चालत जाते, पहाटे तान्हं मूल रडतं. महाराष्ट्रात कुठंही जा, बंद दवाखान्याची कथा हीच. बिचाऱ्या नर्सबाईंनी हयातभर रात्रपाळ्या केल्या, आणि मेल्यावरही लोकांनी त्यांना रात्रपाळीच लावून दिली.

अलीकडे या कथांना नवे ऐकणारे मिळाले आहेत. मोबाइल घेऊन मुलं रात्री अशा इमारतींत शिरतात, चित्रण करतात, मागं संगीत लावून ते जगाला दाखवतात. त्यांच्या उत्साहाला नावं ठेवायला मी आलेलो नाही. बंद इमारतीत डोकावून पाहावंसं वाटणं हे जिवंत मनाचं लक्षण आहे. पण अंधारात, घाबरायचं ठरवून गेलं की फक्त भीतीच दिसते. मला बोलायचं आहे ते दिवसाउजेडी अशा इमारतीत गेल्यावर काय दिसतं त्याविषयी.

पहिली गोष्ट, सगळे ओस दवाखाने एका कारणानं ओस पडत नाहीत. काही दवाखाने रोग गेला म्हणून रिकामे होतात. काही डॉक्टर गेला म्हणून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तेच गवत, तेच मोडकं दार. आत गेल्याशिवाय, आणि थोडी चौकशी केल्याशिवाय, हा फरक कळत नाही.

आमचा सिहोरा भाग म्हणजे भंडारा जिल्ह्याचं उत्तरेकडचं टोक. तालुका तुमसर. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला बावनथडी, आणि पुढं गेलात की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. धानाचा मुलूख. पावसाळाभर माणसं बांधीतल्या चिखलात उभी असतात, आणि पाणी साचलं की डास आलेच. मलेरिया आमच्या घरचाच, हत्तीपाय शेजारच्या घरचा. सिकलसेल तर रक्तातच. तालुक्याच्या दुसऱ्या बाजूला चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी. अशा मुलखात दवाखाना हे गावाचं दुसरं देऊळ असतं. नवस तिथंही बोलले जातात, फक्त मनातल्या मनात.

या पट्ट्यातल्या एका गावी जुन्या दवाखान्याची इमारत उभी आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण अशी इमारत तुमच्याही तालुक्यात असणार. तिला म्हातारी माणसं अजून 'जनपदाचा दवाखाना' म्हणतात. तरुण श्रोत्यांसाठी सांगतो, १९४८ च्या कायद्यानं मध्य प्रांत-वऱ्हाडात जनपद सभा आल्या होत्या. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि जनपद गेले. नाव मात्र या एका इमारतीला चिकटून राहिलं. पुढं सडकेला लागून नवी इमारत झाली, दवाखाना तिकडं गेला, आणि ही कुलूप लावून ठेवली. कुलूप अजून आहे. दार नाही.

ग्रामपंचायतीला सांगून, सकाळी दहाच्या उन्हात, पायात बूट घालून मी आत गेलो. सोबत त्याच दवाखान्यात नोकरी संपवलेले एक परिचर होते. मी जन्मभर शिक्षक, त्यामुळं ते मला गुरुजी म्हणतात. दारातच त्यांनी काठी आपटली. "सांभाळून या जी गुरुजी. आवाज करत चला." पावसाळ्यात आमच्याकडे साप निघणं ही काही बातमी नसते, आणि बंद इमारतीत तर तोच घरमालक.

आधी व्हरांडा लागला. लांब, रुंद, कौलारू. "इथं लाइन लागे जी, थेट त्या चिचेच्या झाडापर्यंत. बायका वेगळ्या, माणसं वेगळे." व्हरांड्याच्या टोकाला एक छोटी खिडकी, तिच्या चौकटीचं लाकूड एका जागी खोलगट झिजलेलं. तिथं बाटली ठेवायची आणि कंपाउंडर ती आतून भरून द्यायचे. आपली बाटली आपणच घरून न्यायची हे आजच्या मुलांना खरं वाटणार नाही. बाटलीला कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवलेली, एक खाच म्हणजे एक डोस. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही औषध मोजता यावं, यासाठी कोणा शहाण्यानं काढलेली ती युक्ती. त्या खिडकीचं झिजलेलं लाकूड मी बराच वेळ पाहत होतो. एवढं झिजायला किती बाटल्या लागल्या असतील!

मग मुख्य खोली. छत एवढं उंच की मान वर करावी लागते. समोरासमोर मोठ्या खिडक्या, त्यांच्याही वर झरोके. काचा केव्हाच गेल्या, पण बाहेर घाम फुटत असताना आत वारा वाहत होता. हे उगाच नाही. एकोणिसाव्या शतकात रुग्णालयं कशी बांधावीत याविषयी फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी जे लिहिलं, त्यांचं 'नोट्स ऑन हॉस्पिटल्स' १८५९ मध्ये आलं, त्यात खेळत्या हवेवर सगळा भर होता. समोरासमोर खिडक्या, उंच छत, दोन खाटांत अंतर. त्या काळी समज असा की कुजक्या, दूषित हवेनंच रोग होतात. जंतूंचं शास्त्र तेव्हा पक्कं झालेलं नव्हतं. समज अपुरा होता, इमारत मात्र बरोबर निघाली. २००७ मध्ये पेरू देशातल्या लीमा शहरात आठ रुग्णालयांतली हवा मोजून पाहिली गेली. जुन्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत हवा बदलण्याचा वेग नव्या पद्धतीच्या खोल्यांहून कितीतरी जास्त निघाला. म्हणजे क्षयासारख्या, हवेतून पसरणाऱ्या रोगाची भीती जुन्या खोलीत कमी. कोरोनाच्या काळात आपण सगळेच खिडक्या उघडा म्हणून ओरडत होतो, तेव्हा मला ही खोली आठवली होती. नव्या इमारतीच्या खिडक्या सरकत्या काचेच्या आहेत. अर्ध्याच उघडतात.

भिंतीवर चुन्याचे थर. एक थर सुटला की खालचा दिसतो. एका ठिकाणी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. त्याच्या शेजारी अर्धवट पुसलेलं 'देवी' एवढंच अक्षर. ही देवी देवळातली नव्हे. १९७५ मध्ये देशभर जाहीर केलं होतं की देवीचा रोगी दाखवणाऱ्याला हजार रुपये मिळतील. तेव्हाचे हजार रुपये म्हणजे काय, हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्याच वर्षी मे महिन्यात देशातला शेवटचा रोगी सापडला, आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. बक्षीस उरलं, रोगी उरला नाही. नारूचंही तसंच. विहिरीच्या पाण्यातून अंगात शिरणारा आणि पायातून दोरीसारखा बाहेर पडणारा तो जंत. त्याचा देशातला शेवटचा रोगी १९९६ मधला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये नारूमुक्तीवर शिक्कामोर्तब झालं. दवाखान्याची भिंत म्हणजे एका अर्थी विजयस्तंभच असते, फक्त त्यावर कोणी हार घालत नाही.

शेवटची खोली बाळंतपणाची. लोखंडी टेबल गंजून लाल झालेलं. कोपऱ्यात कपाट, त्याचं दार निखळलेलं, आणि आत रजिस्टरं. उधईनं खालचे दोन कप्पे संपवलेले, वरचा कप्पा अजून तिच्या हाती लागायचा होता.

इथं मी थांबलो, आणि तुम्हालाही थोडं थांबवतो. ओस दवाखान्यात भुताखेतांपेक्षा विचार करण्यासारखी गोष्ट ही आहे. त्या रजिस्टरात बाईचं नाव असतं, नवऱ्याचं नाव, गाव, वय, कितवं बाळंतपण, मूल जिवंत की मृत, वजन किती. शेऱ्याच्या रकान्यात आणखी काही. दुसऱ्या रजिस्टरात शस्त्रक्रिया कोणाची झाली, तिसऱ्यात क्षयाचं औषध कोणाला चालू होतं. जी गोष्ट बाईनं सख्ख्या बहिणीला सांगितली नाही, ती तिथं शाईत लिहिलेली असते. डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टरपाशीच राहील या भरवशावर ती लिहिली गेली. गर्भपाताची नोंद तर कायद्यानंच गोपनीय ठरवली आहे. आता दार नसलेल्या खोलीत कोणीही यावं, पान उलटावं आणि मोबाइलनं फोटो काढावा, हा त्या भरवशाचा कोणता हिशेब? मुलांना मी एवढंच सांगतो. भिंतींचे फोटो काढा, छताचे काढा, गंजलेल्या टेबलाचे काढा. नावं असलेल्या कागदाकडे कॅमेरा वळवू नका. ती बाई कदाचित अजून त्याच गावात राहते.

आणि दुसरी बाजूही ऐका. हाच कागद कोणाच्या तरी नातवासाठी सोन्याचा असतो. आमच्या विदर्भात कोतवाल पंजी किंवा कोतवाल बुक म्हणून एक चीज आहे. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद करायचा आणि त्यात जातही लिहिलेली असायची. आज जात पडताळणीसाठी तीच जुनी पानं शोधत माणसं तहसिलीचे खेटे घालतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचा. कोणाची पंजी पुरात गेली, कोणाची वाळवीनं खाल्ली. अशा वेळी दवाखान्याच्या जुन्या वहीतली आजीच्या बाळंतपणाची एक ओळ कामी येईलही. कोणता कागद ग्राह्य धरायचा ते समिती ठरवील. पण कागदच उरला नाही तर समितीपुढं ठेवायचं काय? खाजगी डॉक्टरांनी दाखल रुग्णांचे कागद किमान तीन वर्षं ठेवावेत असा २००२ चा वैद्यक परिषदेचा नियम आहे. तीन वर्षं हा डॉक्टरचा हिशेब झाला. गावाचा हिशेब तीन पिढ्यांचा असतो.

परिचरांना मी वरच्या कप्प्यातलं एक रजिस्टर काढून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उघडलं नाही. "यात आमच्या घरचंही एक नाव आहे जी," म्हणाले आणि परत जागेवर ठेवलं.

आता धोक्याविषयी. सापाचं सांगितलं. छताचं सांगायला नको, कौलारू छताचा वासा कुजला की तो वाट पाहत नाही. पण दवाखान्याचे म्हणून काही खास धोके आहेत. सुया, फुटक्या ॲम्प्युल. १९९८ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले, २०१६ मध्ये ते नव्यानं केले, पिवळ्या-लाल पिशव्या आल्या. त्याआधीचा कचरा मात्र इमारतीच्या मागं कुठं खड्ड्यात असेल ते खड्डा खणणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून अशा इमारतीच्या मागच्या अंगणात पोरांना क्रिकेट खेळू देऊ नका, आणि घर बांधायला तिथली माती उचलू नका. मग पारा. तापमापकात तो अगदी थोडा असतो, पण रक्तदाब मोजायच्या जुन्या उभ्या यंत्रात चांगला ऐंशी-शंभर ग्रॅम. फुटला की मोत्यांसारखे थेंब पळतात, पोरं ते तळहातावर खेळवतात, आणि त्याची वाफ नाकात जाते. पाऱ्याविरुद्धच्या २०१३ च्या मिनामाता कराराला भारतानं २०१८ मध्ये मान्यता दिली. करार जगाचा, पण यंत्र मात्र आपल्याच गावच्या माळ्यावर पडलेलं असतं.

लोकांना सगळ्यांत जास्त भीती एक्स-रे यंत्राची वाटते. ती विनाकारण आहे. वीज बंद असेल तर एक्स-रे यंत्रातून किरण निघत नाहीत. ते बंद पडलेल्या टॉर्चसारखं निव्वळ लोखंड. खरी भीती निराळ्या यंत्राची, ज्याच्या पोटात किरणोत्सारी पदार्थच ठेवलेला असतो. कर्करोगावर किरणांनी उपचार करण्याची काही यंत्रं अशी असतात. छोट्या दवाखान्यात ती नसतात, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात असतात. त्याची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जरी त्यासाठी ब्राझीलला जावं लागलं तरी.

ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात किरणोपचाराचं एक खाजगी रुग्णालय १९८५ मध्ये जागा सोडून दुसरीकडं गेलं. जागेवरून वाद होता. जुन्या इमारतीत सीझियमचं यंत्र तसंच राहिलं. दोन वर्षं ती इमारत ओस, दारं गेलेली. १३ सप्टेंबर १९८७ ला दोन माणसं आत शिरली. चोरी म्हणा, भंगार वेचणं म्हणा. त्यांनी यंत्राचा जड भाग काढला, घरी नेला, फोडला आणि भंगारवाल्याला विकला. रात्री भंगारवाल्याला त्यातून निळा प्रकाश दिसला. त्याला वाटलं, हे काहीतरी मोलाचं आहे, दैवी आहे. त्यानं आप्तेष्टांना बोलावलं, चिमूटभर भुकटी प्रत्येकाला दिली. कोणी अंगाला लावली. सहा वर्षांच्या एका मुलीनं ती हातावर घेतली आणि त्याच हातांनी जेवली. माणसं आजारी पडू लागली तेव्हा भंगारवाल्याच्या बायकोला संशय आला, आणि तिनं तो तुकडा पिशवीत घालून आरोग्य खात्याच्या कचेरीत पोहोचवला. तोवर पंधरा दिवस झाले होते. चौघे मेले, ती मुलगी आणि ती बायको त्यांत होत्या. २४९ माणसं बाधित निघाली. एक लाखाहून जास्त लोकांना मैदानात रांगेत उभं करून तपासावं लागलं. सगळी भुकटी मिळून शंभर ग्रॅमसुद्धा नव्हती.

हे दूरचं वाटत असेल तर दिल्ली घ्या. २०१० मध्ये मायापुरीच्या भंगारबाजारात कोबाल्ट असलेलं यंत्र फोडलं गेलं आणि एक कामगार दगावला. ते रुग्णालयातलं नव्हतं, दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं होतं. वर्षानुवर्षं वापराविना पडलेलं, लिलावात निघालेलं. दोन्हीकडं चूक एकच. काम संपलं, माणसं गेली, आणि मागं काय राहिलं याची यादी कोणी केली नाही. आपल्याकडं असे स्रोत अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीनंच ठेवता येतात आणि त्याच वाटेनं परत करावे लागतात. अनोळखी जड धातूचं यंत्र दिसलं, त्यावर पिवळ्या जागेत तीन पाकळ्यांचं चिन्ह असलं, तर हात लावू नका. मागं फिरा आणि पोलिसांना कळवा.

एवढी भीती घातल्यावर आता आनंदाचं बोलतो. सुरुवातीला म्हटलं होतं, काही रुग्णालयं रोग गेला म्हणून रिकामी होतात. क्षयरोगाच्या सॅनिटोरियमांची गोष्ट तशी आहे. औषध नव्हतं तेव्हा हवा, दूध-अंडी आणि विश्रांती हाच उपचार. पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये बेल-एअर काढलं. मिरजेच्या डॉ. वॉन्लेस यांनी सांगली-मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम वसवलं. त्या जागेचं नावच वानलेसवाडी पडलं. माणसं तिथं महिनोन्महिने, वर्ष-वर्ष राहत. घरून पत्रं येत, पुढं पुढं येईनाशी होत.

मग १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, पाठोपाठ इतर औषधं आली. पण गरिबानं काय करायचं? देशात रोगी लाखांनी आणि खाटा मूठभर. १९५६ मध्ये मद्रास शहरात एक साधी पण धाडसी तुलना सुरू झाली. काही रोग्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं. काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात, अर्धपोटी जेवणावर ठेवून तीच औषधं दिली. १९५९ मध्ये निकाल छापून आला. घरी राहिलेले जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते, आणि घरातल्या माणसांनाही त्यामुळं जास्त लागण झाली नव्हती. जगभरच्या सॅनिटोरियमांचे दिवस त्या कागदानं मोजले. कुष्ठरोगाचंही तेच. मुंबईला वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय १८९० चं, रस्त्यावरच्या रोग्यांना गावाबाहेर ठेवायला काढलेलं. पुढं अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत आली. देशात ती सगळ्यांत आधी ज्या जिल्ह्यांत आली त्यांत आपला वर्धा होता. रोगी घरी राहून बरा होऊ लागला. क्षय आणि कुष्ठ संपलेले नाहीत, पूर्व विदर्भात तर मुळीच नाहीत. पण रोग झाला म्हणून घर सोडायचं, हे संपलं. अशा रोग्यांची एखादी रिकामी बराक पाहिली की मला वाईट वाटत नाही. तिथं पेढे वाटायला हवेत.

आमच्या पट्ट्यातलं ओसपण मात्र नेहमी असं सुखाचं नसतं. सपाट भागात तीस हजार आणि आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे कोष्टक जुनं आहे. कोष्टकानुसार इमारत उभी राहते. फीत कापली जाते. मग डॉक्टरांची जागा रिकामी राहते, नर्सबाई प्रतिनियुक्तीवर जातात, आणि रोगी तुमसरला, तिथून भंडाऱ्याला, तिथून नागपूरला. ही इमारत नवी असते, रंगवलेली असते, वीज असते, आणि तरी ओस असते. तिच्याविषयी मात्र भुताची कथा कोणी सांगत नाही. आणि इमारतीत माणसं असली तरी सगळं आलबेल असतं असं नाही. ९ जानेवारी २०२१ ची पहाट आमचा जिल्हा विसरलेला नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर दवाखान्याच्या कोणत्याही भिंतीकडे, वायरीकडे, खिडकीकडे आमच्या जिल्ह्यातला माणूस पूर्वीच्या नजरेनं पाहत नाही.

मग जुन्या इमारतींचं करायचं काय? पणजीला मांडवीच्या काठी गोव्याच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत आहे. १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी सुरू केलेली ती वैद्यकीय शाळा. गोवेकर डॉक्टरांच्या पिढ्या तिथून बाहेर पडल्या. रुग्णालय टप्प्याटप्प्यानं बांबोळीला गेलं आणि इमारत मागं राहिली. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, तेव्हा तो परिसर दुरुस्त करून उघडला. २०१६ पासून एका कला महोत्सवात त्याच जुन्या खोल्यांत चित्रं मांडली जातात. जिथं खाटा होत्या तिथं लोक चित्रं पाहत उभे असतात. मला हे आवडतं. पण प्रत्येक गावाला मांडवी नसते आणि चित्रपट महोत्सव तर नसतोच.

आमच्याकडं त्यासाठी एकच शब्द आहे, निर्लेखन. इमारत निरुपयोगी ठरवायची, किंमत काढायची, लिलाव करायचा, पाडायची. त्या प्रस्तावात सगळं असतं. सागवानी चौकटी किती, कौलं किती, लोखंड किती किलो. रजिस्टरांना रकाना नसतो, कारण त्यांना भंगारात भाव रद्दीचा. मी संबंधित कचेरीला पत्र दिलं की इमारतीचं काय करायचं ते करा, आधी कपाट रिकामं करा, आणि मागच्या खड्ड्याची चौकशी करा. पत्राला उत्तर आलं नाही. दुसरं दिलं. त्यालाही आलं नाही. तिसऱ्या पत्रासोबत मी ग्रामसभेचा ठराव जोडला.

मागच्या महिन्यात परिचरांचा फोन आला. नव्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई स्वतः येऊन वरचा कप्पा घेऊन गेल्या. दोन पोती भरली. पोती खताची होती, म्हणून यांनी ती आधी झटकून घेतली, आणि कोणी रद्दीवाल्याला देऊ नये म्हणून दोन्हींवर कोळशानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, 'दवाखाना'. खड्ड्याचं विचारलं तर म्हणाले, "थे अजून बाकी हाये जी."